कालवाचे पहिले 48 तास

ओहोटीला खडकावर कालवं फोडायला बसलेल्या बाईला विचारा, शिंपला किती टणक असतो ते. टोला नेमका बसला तर वरची टोपी उडते, चुकला तर बोट फाटतं. असा चिलखती जीव पाण्यात थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळला म्हणून मरेल, हे तिला पटणार नाही. मोठं कालव सहसा तग धरतंही. मरतं ते त्याचं पिल्लू, आणि त्याचं नशीब बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांतच ठरतं.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात नेटार्ट्स उपसागराच्या काठी व्हिस्की क्रीक नावाची हॅचरी, म्हणजे कालवांची पिल्लं तयार करणारं केंद्र, आहे. त्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच कालवशेतकऱ्यांना ती बीज पुरवते. 2007 आणि 2008 मध्ये तिथल्या टाक्यांत पिल्लांचा खच पडू लागला. पहिला संशय व्हिब्रिओ जिवाणूंवर गेला. पाणी गाळून निर्जंतुक करण्याची यंत्रणा बसवली, तरी मर थांबेना. मग लक्षात आलं, की उत्तरेकडचा वारा सुटून किनाऱ्याचं पाणी थंड झालं की मर वाढते.

तो वारा वरचं पाणी आत समुद्रात लोटतो आणि त्या जागी खोलातलं पाणी वर येतं. या पाण्याला हवा शेवटची लागली ती 30 ते 50 वर्षांपूर्वी. तेव्हापासून अंधारात त्यात मेलेलं शेवाळ कुजत राहिलं, ऑक्सिजन खर्ची पडला, कार्बन डायऑक्साइड साचला. त्यात आपल्या धुराड्यांची भर. तीही जुन्या धुराड्यांची. आजचा धूर पोटात घेतलेलं पाणी अजून वाटेतच आहे.

कार्बन डायऑक्साइड विरघळला की पाण्याची आम्लता वाढते. तरी समुद्र काही आंबट झालेला नाही. माती परीक्षणाच्या कागदावर शेतकरी जो सामू (pH) बघतो, तोच इथेही मोजतात; तो घसरला की आम्लता वाढली. उद्योगयुगाच्या आधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू सरासरी 8.2 च्या आसपास होता, आता 8.1 च्या. म्हणजे पाणी अजून अल्कधर्मीच आहे. पण ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे एवढ्याशा घसरणीतही हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून अधिक वाढतात. हे आयन पाण्यातलं कार्बोनेट पकडून ठेवतात. शिंपला बनतो कॅल्शियम कार्बोनेटचा. कॅल्शियम समुद्रात हवं तेवढं आहे, टंचाई पडते ती कार्बोनेटची.

आता पिल्लाची अडचण बघा. मिठाच्या कणाहून लहान जीव. अंडं फलित झाल्यापासून दोनेक दिवसांत त्याला पहिला, अर्धचंद्रासारखा शिंपला उभा करायचा असतो. तोवर खायची सोय नाही, अंड्यातून मिळालेली शिदोरी तेवढी हाताशी. या काळात वजनाचा 90 टक्क्यांपर्यंत भाग शिंपल्याचाच होतो, आणि तो असतो अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या लवकर विरघळणाऱ्या प्रकाराचा. कार्बोनेट कमी असलं की तेवढाच शिंपला बांधायला जास्त ऊर्जा लागते. शिदोरी आधी संपते. शिंपला विरघळून पिल्लू मेलं असं सगळे समजतात. खरं तर ते बरेचदा थकून मरतं.

हॅचरीने काढलेला उपाय मात्र अगदी घरगुती वाटेल असा. येणाऱ्या पाण्याचा सामू सतत मोजायचा आणि त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा, मापाने घालायचा. शिवाय टाक्या भरायच्या त्या दुपारनंतर, कारण तोवर उपसागरातल्या समुद्रगवताने उन्हात बराचसा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो.

तापणाऱ्या पाण्यातही गोष्ट पुष्कळशी अशीच. 2020 मध्ये 694 जातींच्या माशांची माहिती एकत्र तपासली गेली. सर्वांत कमी उष्णता सोसतात ती अंड्यातली पिल्लं आणि अंडी घालायला आलेले मासे. पाणी तापलं की शरीराची ऑक्सिजनची भूक वाढते, पाण्यातला ऑक्सिजन मात्र घटतो. अंड्यातल्या जिवाला पुरते कल्लेही फुटलेले नसतात.

अर्थात या क्षेत्रातलं सगळंच पक्कं नाही. आम्लतेमुळे प्रवाळात राहणाऱ्या माशांना शत्रूचा वास कळेनासा होतो, ही बातमी काही वर्षांपूर्वी खूप गाजली. 2020 मध्ये दुसऱ्या गटाने ते प्रयोग पुन्हा केले, तेव्हा तसा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. शिंपल्याचं रसायन मात्र डगमगलेलं नाही.

खोलातलं पाणी वर येणं आपल्यालाही परकं नाही. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या पूर्व काठालगत तेच घडतं. पावसाळा सरता सरता गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात तळाजवळचा ऑक्सिजन जवळपास संपतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तो अनेक वर्षं मोजला आहे. जिथे ऑक्सिजन असा संपतो, तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. वरच्या खडकांवरची मोठी कालवं त्या दिवसांतही नेहमीसारखीच घट्ट चिकटलेली दिसतात.