ग्राउट की सिलिकॉन? बाथरूमच्या कोणत्या फटीत काय भरायचं

बाथरूम जुनाट दिसायला लागलं की खापर टाइल्सवर फुटतं. जवळ जाऊन पाहिलं तर टाइल धडधाकट असते. काळवंडलेली, भेगाळलेली असते ती तिच्या कडेची रेघ. ही रेघ कुठे ग्राउटची असते, कुठे सिलिकॉनची. दोन्ही बहुधा पांढरी, त्यामुळे लांबून फरक कळत नाही आणि दुरुस्तीच्या वेळी एकाच्या जागी दुसरं सर्रास भरलं जातं. ओळखायचं असेल तर नखाने दाबून बघा. कडक, खरखरीत लागलं तर ग्राउट. दबून परत वर आलं तर सिलिकॉन.

ग्राउट म्हणजे सिमेंट, रंग आणि थोडं पॉलिमर. फट साधारण ३ मिमीपेक्षा रुंद असेल तर त्यात बारीक वाळूही असते, नाहीतर वाळताना आकसून भेगा पडतात. एकाच पातळीत शेजारी शेजारी बसवलेल्या टाइल्समधली फट भरणं, त्यांच्या कडा सांभाळणं, हे त्याचं काम. ते वाकत नाही, ताणलं जात नाही. शिवाय सिमेंटचं असल्यामुळे पाणी शोषतं. आपल्या बाथरूममधलं ग्राउट किती शोषतं ते कोरड्या रेघेवर चार थेंब टाकून पाहता येतं: काही मिनिटांत तिथे गडद डाग उठला तर त्यावर सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा पातळ लेप, मारायची वेळ झाली आहे. नवीन पिशवी घेताना तिच्यावरची अक्षरं वाचावीत. ‘सीजी’ म्हणजे सिमेंटचं ग्राउट, ‘आरजी’ म्हणजे इपॉक्सीसारख्या रेझिनचं. ‘सीजी २’च्या पुढे ‘डब्ल्यू’ असेल तर ते पाणी कमी शोषतं. इपॉक्सी जवळजवळ शोषतच नाही आणि डागही धरत नाही. मात्र कालवल्यावर ते भराभर घट्ट होतं आणि टाइलवर राहिलेला त्याचा थर वेळेत पुसला नाही तर पुढे खरवडत बसावं लागतं. सवयीच्या कारागिराकडूनच करून घ्यावं असं हे काम आहे.

साधं ग्राउट बिघडतं ते बहुतेक वेळा बादलीत. पसरायला सोपं जावं म्हणून पाणी सढळ हाताने घातलं जातं. मग वाळल्यावर बारीक छिद्रं राहतात, रंग कुठे फिका कुठे गडद दिसतो आणि रेघ भुसभुशीत होते. पिशवीवर लिहिलेलं पाण्याचं माप ही सूचना नसून अट आहे असं समजावं.

सिलिकॉनचा धर्मच वेगळा. ते नळीतून गनने भरतात, हवेतला ओलावा घेऊन वरून आत असं पक्कं होत जातं, आणि पक्कं झाल्यावरही लवचिक राहतं. नळीवर २५ हा वर्ग लिहिलेला असेल, तर फट तिच्या रुंदीच्या २५ टक्के उघडली किंवा मिटली तरी ते टिकावं अशी अपेक्षा असते. म्हणून जिथे दोन पृष्ठभाग कोनात भेटतात किंवा दोन वेगळ्या वस्तू भेटतात, ती जागा त्याची: भिंत आणि जमीन, भिंत आणि भिंत, बेसिनची कड, टबाची कड, शॉवरच्या काचेची चौकट. भिंत आणि जमीन उष्णतेने, ओलाव्याने, वजनाने आपापल्या तऱ्हेने हलतात. ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण कोपऱ्यातल्या कडक ग्राउटला चीर पाडायला पुरते. कोपऱ्यात पांढरं सिमेंट भरलं, चीर पडली, पुन्हा भरलं, पुन्हा पडली, हे कितीतरी घरांत चालू असतं. दोष सिमेंटच्या दर्जाचा नसतो. ती जागाच त्याची नाही.

याच्या उलट चूकही होते. टाइल्समधल्या रेघेत ग्राउट सुटलं की त्यावर सिलिकॉनचा हात फिरवला जातो. ते टिकत नाही, कडेने सुटतं, आणि पुढे नवीन ग्राउट भरायचं झालं तर राहिलेल्या सिलिकॉनला ते चिकटत नाही. टाइल्समधली एकच रेघ वारंवार तडकत असेल तर आधी तिथल्या टाइलवर टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर टाइल खालून सुटलेली आहे. वरून काहीही भरा, फुकट जाणार.

सिलिकॉन घेताना दोन प्रकार समोर येतात. पहिल्याला पक्कं होताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण त्यातून ॲसेटिक ॲसिड बाहेर पडतं. सिरॅमिक आणि काचेवर ते छान बसतं, पण संगमरवरावर डाग पाडू शकतं आणि काही धातू गंजवतं. तिथे दुसरा, म्हणजे हे ॲसिड न सोडणारा न्यूट्रल प्रकार घ्यावा. ‘सॅनिटरी’ लिहिलेल्या नळीत बुरशीनाशक असतं, बाथरूमसाठी तेच योग्य. शेजारी ॲक्रिलिक सीलंटही ठेवलेलं असतं, रंग मारता येतो म्हणून काहींना ते सोयीचं वाटतं. सतत भिजणाऱ्या जागी ते नको.

दोन्ही कामं एकदम काढली असतील तर ग्राउट आधी. कोपरे मोकळे ठेवायचे, ग्राउट नीट वाळू द्यायचं, मग सिलिकॉन. जुन्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही, त्यामुळे जुनं ब्लेडने मुळापासून काढणं हेच खरं काम. भरणं त्या मानाने किरकोळ. कडा स्पिरिटने पुसून फट पूर्ण कोरडी करायची, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावायची, एका दमात नळी फिरवायची, ओल्या बोटाने सपाट करायचं आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप ओढायची. वर साय धरल्यावर टेप काढली तर कड फाटते. टब असेल तर तो आधी पाण्याने भरावा. पाण्याच्या वजनाने टब किंचित खाली बसतो. रिकाम्या टबाला लावलेली पट्टी पहिल्याच अंघोळीला ताणली जाते. सिलिकॉन पक्कं होईपर्यंत पाणी तसंच राहू द्यावं.

बुरशीचे काळे ठिपके दोन्हीवर येतात. ग्राउटवरचे वरवरचे डाग ब्लीचने बऱ्यापैकी जातात. सिलिकॉनच्या आत उतरलेला काळेपणा घासून जात नाही, ती पट्टी कापून नवीनच भरावी लागते. फरशीवरचे क्षार घालवायला ॲसिड ओतायची सवय ग्राउटच्या मुळावर येते, कारण ॲसिड सिमेंट खातं. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा खेळ जिवावर बेतू शकतो.

खालच्या छताला ओल आली की मात्र या दोघांकडून फार अपेक्षा ठेवू नये. पाणी अडवायचं काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं. तो फाटला असेल तर वरच्या रेघा नव्या केल्याने ओल काही दिवस कमी झाल्यासारखी वाटते, एवढंच. याच कारणाने कमोडच्या बुडाभोवती सिलिकॉन लावताना काही प्लंबर मागची थोडी जागा मुद्दाम मोकळी सोडतात, म्हणजे आतला सांधा गळायला लागला तर पाणी जमिनीत मुरण्याऐवजी बाहेर येऊन दिसतं.