दारफाळणी आणि मालिदा : बेने इस्रायलांच्या सणांची पार्श्वभूमी

कोकणातील बेने इस्रायल हा ज्यू समाज आज रोश हशाना (वर्षारंभ), योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस), पेसाख (इजिप्तमधून सुटकेचा सण) हे सण जगभरच्या ज्यूंप्रमाणे हिब्रू नावांनी आणि छापील प्रार्थनापुस्तकांच्या आधाराने साजरे करतो. त्याच सणांच्या ताटात नारळ, पोहे आणि गूळ असतात, घरातील वडीलधारी माणसे मराठीतच बोलतात आणि नवस बोलला जातो तो एलियाहू हन्नाबीला, म्हणजे प्रेषित एलियाला. हे मिश्रण कसे घडले, याचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे. आधुनिक काळात ज्यू अस्मिता म्हणजे काय, हा प्रश्न या समाजाला सणांच्याच निमित्ताने वारंवार सोडवावा लागला, म्हणून तो इतिहास मुळापासून पाहणे गरजेचे आहे.

समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्याजवळचे ग्रंथ समुद्रात गेले. हे नेमके केव्हा घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र पुढची अनेक शतके या लोकांजवळ ना तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) होती, ना धर्मगुरू, ना प्रार्थनामंदिर, याबद्दल फारसा वाद नाही. ते गावोगाव तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत, त्यामुळे शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर, अशी गावांवरून आडनावे पडली. ‘शेमा इस्रायल’ ही एक प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि काही सण, एवढ्या शिदोरीवर त्यांनी आपले वेगळेपण जपले.

या सणांना त्यांनी दिलेली नावे घरात जे प्रत्यक्ष केले जाई त्यावरून पडली होती. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्यानंतर थोड्याच दिवसांनी खिरीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा तो बिरड्याचा रोजा, कारण उपवास सोडताना वालाचे बिरडे असे. ‘रोजा’ हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आला आणि एलूल महिन्यातील उपवासांनाही पूर्वी रमजानच म्हणत. पुरीम हा ज्यू सण होळीचा सण झाला, आणि त्याला कारणही होते. ज्यू पंचांग व आपले पंचांग ही दोन्ही चांद्रमासावर चालणारी व अधिक महिना धरणारी असल्याने पुरीम बहुधा फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागेच येतो. २०२४ मध्ये २४ मार्चला पुरीम होता आणि त्याच संध्याकाळी होळी पेटली. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला योम किप्पूर व दसरा एकाच दिवशी आले.

सर्वांत कडक दिवस दारफाळणीचा. योम किप्पूरचे हे कोकणी रूप मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके वाटते. आदल्या दिवशी स्नाने उरकत, पांढरी वस्त्रे काढून ठेवली जात आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून घराची दारे लावून घेतली जात. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्नपाणी नाही, बाहेरच्या माणसाशी स्पर्श नाही, व्यवहार नाही. प्रार्थना ठाऊक नव्हत्या, प्रायश्चित्ताचे श्लोक ठाऊक नव्हते. दार लावून आत बसणे हीच प्रार्थना होती. त्यापुढचा दिवस शिळ्या सणाचा. त्या दिवशी दारे उघडत, दानधर्म होई, शेजारीपाजारी व सोयरे भेटत. एरवी गावाच्या व्यवहारात पूर्ण मिसळलेला हा समाज वर्षातून एक दिवस स्वतःला पूर्णपणे वेगळा काढीत असे आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा गावाचा होत असे.

पुढे बदल झाला तो तीन दिशांनी. परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्याने या लोकांना ज्यू म्हणून ओळखले आणि झिराटकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील तरुणांना शिकवून काजी, म्हणजे धार्मिक विधी चालवणारे प्रमुख, नेमले. अठराव्या शतकात मुंबई वाढू लागताच अनेक कुटुंबे लष्करात, गोदीत व सरकारी कचेऱ्यांत नोकरीला लागली. त्यांतीलच सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात ‘शार हारहामीम’ हे समाजाचे पहिले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) बांधले. कोचीचे ज्यू शिक्षक इथे येऊन पूजापाठाची रीत शिकवू लागले. तिसरी दिशा अनपेक्षित होती. अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी धर्मांतराच्या आशेने शाळा काढल्या, जुना करार मराठीत आणला आणि जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. ख्रिस्ती फारच थोडे झाले. उरलेल्यांना आपल्याच धर्मग्रंथाची किल्ली मिळाली, आणि तीही मायबोलीत.

१८७४ मध्ये पुण्यात छापलेला हागादा या काळाची उत्तम साक्ष आहे. पेसाखच्या रात्री वाचायचा हा ग्रंथ हिब्रू मजकूर व मराठी भाषांतर यांसह निघाला, आणि त्यातील एका चित्रात मात्झा (पेसाखची बिनखमिराची भाकरी) करणाऱ्या स्त्रिया इथल्याच वेषात, जमिनीवर बसून काम करताना दिसतात. पूर्वी पेसाखला आंबट द्रवाचे भांडे आठ दिवस झाकून ठेवीत आणि त्यावरूनच सणाला नाव पडले होते; आता त्या झाकण्यामागची इजिप्तमधून सुटकेची कथा घराघरांत वाचली जाऊ लागली. हनुक्का हा दिव्यांचा सण मात्र जुन्या सणांत नव्हताच, तो या नव्या शिक्षणातून आला. ज्यू कथांवर मराठी कीर्तनेही याच शतकाच्या उत्तरार्धात रंगू लागली. शिक्षणाने जुने पुसले असे म्हणणे मला पटत नाही. दारफाळणी हे नाव मागे पडले, पण द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुकांचे सरबत, वर्षारंभाला गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवा, या गोष्टी ग्रंथोक्त विधीच्या शेजारी टिकून राहिल्या.

मालिदा हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ व वेलची एकत्र करून तबकात त्याची रास करतात, भोवती पाच प्रकारची फळे व फुले मांडतात, एलियाहू हन्नाबीचे हिब्रू स्तवन म्हणतात आणि प्रत्येक फळावर त्याचा आशीर्वाद म्हणून प्रसाद वाटतात. लग्न, नवे घर, परीक्षेतील यश, आजारातून उठणे, यांपैकी काहीही निमित्त चालते. अलिबागजवळच्या सागाव-खंडाळ्यातील एका खडकावरून एलियाहूचा रथ स्वर्गाला गेला अशी श्रद्धा असून तिथे नवस फेडायला लोक जातात.

१९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. त्यानंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि डिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत वसली. तिथे १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने समाजाबाहेर लग्न करू इच्छिणाऱ्या बेने इस्रायलांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. ज्यांनी ग्रंथाविनाही शनिवार पाळला त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली, हा अन्याय होता. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल सर्व बाबतींत इतर ज्यूंइतकेच ज्यू असल्याचे जाहीर केल्यावर तो आदेश बदलला गेला.

या संघर्षानंतर मालिद्याचे महत्त्व वाढले. योम किप्पूर व पेसाख तिथे सगळेच पाळतात, त्यामुळे ‘आम्ही कोकणचे’ हे सांगण्यासाठी मालिद्याचे तबक उरले, आणि खंडाळ्याऐवजी हैफाच्या कार्मेल डोंगरावरील एलियाहूच्या गुहेत नवस फेडले जाऊ लागले. महाराष्ट्रात राहिलेल्यांची अडचण वेगळी आहे. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात आणि कोकणातील सिनेगॉगांत ते जमणे अवघड झाले आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. मुंबई व ठाण्यात सणाच्या दिवशी प्रार्थना नियमाने होतात; अलिबागच्या इस्रायल आळीतील ‘मागेन आबोथ’सारखी गावाकडची सिनेगॉगे मात्र बाहेरगावाहून येणाऱ्या माणसांवर अवलंबून आहेत.