सहा नंबरची जर्सी आणि अकरा अजिंक्यपदं

2024 मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने डॅलस मॅव्हरिक्सला 4-1 असं हरवून एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं आपलं 18 वं अजिंक्यपद मिळवलं. या अठरांपैकी अकरा अजिंक्यपदं 1957 ते 1969 या तेरा हंगामांतली आहेत आणि त्या अकराही वेळा संघात एक माणूस होता, बिल रसेल. 31 जुलै 2022 रोजी तो गेला तेव्हा त्याचा 6 नंबर एकट्या बॉस्टनने नाही, तर लीगमधल्या सगळ्या संघांनी कायमचा निवृत्त केला. हा मान एनबीएत त्याच्याआधी कुणालाही मिळाला नव्हता.

बास्केटबॉलमधला थोर खेळाडू कोण, हा वाद आज शेवटी 'किती अंगठ्या?', म्हणजे किती अजिंक्यपदं, या प्रश्नावर येऊन ठेपतो. जॉर्डनच्या सहा, लेब्रॉनच्या चार. अजिंक्यपद म्हणजे जणू एकेकाच्या खात्यात जमा होणारी रक्कम. या हिशेबात रसेल सर्वांच्या पुढे आहे. पण ज्या खेळाने त्याला तिथे नेलं, त्यातलं बरंचसं त्या काळात कुणी मोजतही नव्हतं.

रसेलचा जन्म 1934 चा, लुइझियाना राज्यातल्या मन्रो गावचा. काळ्यांना पदोपदी जागा दाखवून देणाऱ्या त्या दक्षिणेतून त्याचं कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला आलं. तो बारा वर्षांचा असताना आई गेली, वडिलांनी वाढवलं. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली आणि त्याच्या संघाने 1955 आणि 1956 अशी दोन वर्षं राष्ट्रीय कॉलेज अजिंक्यपद जिंकलं. तो असताना या संघाने सलग 55 सामने जिंकले. कॉलेज बास्केटबॉलच्या नियमकर्त्यांनी बास्केटखालची लेन (चढाई करणाऱ्याला जिथे फार वेळ थांबता येत नाही तो पट्टा) 6 फुटांवरून 12 फूट रुंद केली, ती मुख्यतः त्याच्यामुळे.

तोपर्यंत सेल्टिक्सकडे एकही अजिंक्यपद नव्हतं. कोच रेड आवरबॅक 1950 पासून संघ चालवत होते. बॉब कूझी आणि बिल शारमन हे दोन गार्ड गुणांच्या राशी घालायचे, पण मोक्याच्या वेळी रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर परत येणारा चेंडू, समोरच्यांच्या हाती जायचा, आणि चेंडूच हाती नाही तर धावणार कसं? 1956 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिली निवड रॉचेस्टर संघाची होती, त्यांनी सिहूगो ग्रीनला घेतलं. दुसरी सेंट लुइस हॉक्सची. ती मिळवण्यासाठी आवरबॅकनी नावाजलेला सेंटर एड मकॉली आणि होतकरू क्लिफ हेगन असे दोघे देऊन टाकले. मकॉली मूळचा सेंट लुइसचा. त्याचा मुलगा आजारी होता आणि मकॉलीला घरी जायचंच होतं. त्याच वर्षी बॉस्टनला टॉम हाइनसन आणि रसेलचा कॉलेजमधला जोडीदार के. सी. जोन्स हेही मिळाले. पुढच्या बारा-तेरा वर्षांचा पाया असा एका ड्राफ्टमध्ये घातला गेला.

रसेल लगेच आला नाही. आधी तो मेलबर्न ऑलिंपिकमधून सुवर्णपदक घेऊन आला आणि मग डिसेंबरमध्ये सेल्टिक्सची जर्सी चढवली.

पहिलं अजिंक्यपद सहज हाती आलं नाही. 13 एप्रिल 1957, बॉस्टन गार्डन, हॉक्सविरुद्ध सातवा आणि निर्णायक सामना. ज्यांच्या जिवावर संघ उभा होता त्या कूझीने 20 पैकी 2 आणि शारमनने 20 पैकी 3 शॉट घातले. दोघांचे मिळून 40 पैकी 5! अशा दिवशी संघ बुडायचाच. पण पहिल्याच हंगामातल्या दोघांनी तो तारला. हाइनसनने 37 गुण आणि 23 रिबाउंड घेतले, रसेलने 19 गुण आणि 32 रिबाउंड. सामना दोन ओव्हरटाइमपर्यंत ताणला गेला. हाइनसन फाउलची मर्यादा संपून बाहेर बसला आणि त्याला रडू आवरेना. शेवटच्या क्षणी हॉक्सचा खेळाडू-कोच ॲलेक्स हॅनम स्वतः उतरला. त्याने मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर चेंडू फेकला. तो बोर्डाला लागून बरोबर बॉब पेटिटच्या हातात आला, आणि पेटिटचा शॉट हुकला. 125-123. ज्यांची नावं तिकिटं विकायची ते गारद झाले असताना नवख्यांनी जिंकून दिलं, हे त्या संघाने एकदा अनुभवलं आणि मग ते कायम अंगी बाणलं, असं मला वाटतं.

रसेल करायचा काय, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. शॉट अडवताना बरेच जण चेंडू जोरात प्रेक्षकांत भिरकावतात. टाळ्या मिळतात, पण चेंडू पुन्हा समोरच्यांचाच. रसेल उडी मारून चेंडूला हलकी थाप द्यायचा आणि तो आपल्याच माणसाकडे वळवायचा. तिथून कूझी निघाला की फास्ट ब्रेक सुरू. बचावातून थेट चढाई, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. दुसरं म्हणजे तो पाठीशी आहे म्हणून पुढचे चौघे बिनधास्त अंगावर जाऊन चेंडू हिसकावायला बघायचे. आपला माणूस निसटला की ओरडायचे, "हे, बिल!" त्या बचावाला हेच नाव पडलं होतं. कबड्डी बघणाऱ्याला हे झटकन कळेल. कोपऱ्यातला खेळाडू चढाईपटूच्या घोट्याला हात घालायचं धाडस करतो, ते शेजारचा सावरून घेईल या भरवशावर.

एनबीएने ब्लॉक, म्हणजे अडवलेले शॉट, अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली 1973-74 च्या हंगामात. रसेल 1969 मध्येच थांबला होता. म्हणजे त्याच्या मुख्य कामाची नोंदवहीच नाही! कारकिर्दीत त्याची सरासरी 15.1 गुणांची, आणि एकाही हंगामात तो आपल्या संघात सर्वाधिक गुण करणारा नव्हता. रिबाउंड मात्र मोजले जायचे, ते 21,620. तरी पाच वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मोठ्या सामन्याआधी त्याला ताणाने उलट्या व्हायच्या, इतकं ते त्याच्या जिवाला लागलेलं असायचं.

बाकीच्यांनीही आपापलं काम निवडलं होतं. के. सी. जोन्स समोरच्या उत्तम गार्डला जखडून टाकायचा. फ्रँक रॅम्झी पहिल्या पाचांत शोभला असता, पण आवरबॅक त्याला बाकावरून आणायचे, समोरचे दमू लागले की. पुढे जॉन हॅवलिचेकने ही जागा घेतली. 'सहावा माणूस' हा आज बक्षीस दिला जाणारा मान इथून रुजला. 1958 मध्ये अंतिम फेरीत रसेलचा घोटा दुखावला आणि हॉक्स जिंकले. त्यानंतर 1959 ते 1966, सलग आठ अजिंक्यपदं. अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक खेळांत हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

तेव्हा संघच कमी होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. 1956-57 मध्ये आठच संघ होते, हे खरं. पण आठ संघ म्हणजे सगळ्या लीगमध्ये शंभरेक खेळाडू, त्यामुळे कमकुवत संघ असा नसायचाच. त्याच त्या तगड्या माणसांशी, विल्ट चेंबरलेनसारख्यांशी, हंगामात पुन्हा पुन्हा भिडावं लागायचं. हा आक्षेप मला पटत नाही.

कोर्टाबाहेर काय चाललं होतं, ते सोडून ही गोष्ट सांगता येत नाही. ऑक्टोबर 1961 मध्ये केंटकीतल्या लेक्झिंग्टनला प्रदर्शनीय सामना होता. सेल्टिक्सचे काळे खेळाडू सॅम जोन्स आणि सॅच सँडर्स हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये गेले, तर काळ्यांना इथे वाढत नाही असं उत्तर मिळालं. रसेलने आवरबॅकना सांगितलं, आम्ही खेळणार नाही. आवरबॅकनी आधी समजवायचा प्रयत्न केला, मग स्वतः त्यांना विमानतळावर सोडलं. समोरच्या हॉक्सच्या काळ्या खेळाडूंनीही माघार घेतली. गोरे खेळाडू मात्र त्या दिवशी खेळले. कोर्टावर "हे, बिल!" म्हटलं की तो धावून यायचा, या वेळी त्याच्यासाठी सगळे धावले नाहीत. कूझीला याची रुखरुख लागून राहिली. त्या वर्षांत आपण आणखी काही करायला हवं होतं, असं पत्र त्याने वयाची ऐंशी उलटल्यावर रसेलला लिहिलं.

बॉस्टनही काही निराळं नव्हतं. अजिंक्यपदांवर अजिंक्यपदं येत असताना गार्डनमध्ये खुर्च्या रिकाम्या असायच्या, आणि तळाला गेलेल्या हॉकी संघाचे सामने तिथेच हाउसफुल्ल. रेडिंग या उपनगरात रसेलचं घर फोडून आत नासधूस करण्यात आली. संघाने मात्र काही दारं सर्वांत आधी उघडली. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला काळा खेळाडू, चक कूपर, 1950 मध्ये सेल्टिक्सनेच घेतला. 26 डिसेंबर 1964 रोजी हाइनसन जखमी होता म्हणून विली नॉल्सला सुरुवातीला उतरवलं, आणि लीगच्या इतिहासात प्रथमच पाचही काळे खेळाडू एकत्र मैदानात उतरले. 1966 मध्ये आवरबॅकनी कोचपद रसेलकडे सोपवलं. खेळत खेळतच तो एनबीएचा पहिला काळा मुख्य कोच झाला.

पैशांची बाजूही बेताची होती. हाइनसन विमा विकायचा. कूझीने 1954 मध्ये खेळाडूंची संघटना काढली, पण मालक तिला दाद देत नव्हते. 14 जानेवारी 1964, बॉस्टनमध्ये ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना, बाहेर बर्फाचं वादळ, आणि सामना टीव्हीवर दिसणार. संघटनेचा अध्यक्ष आता हाइनसन होता. पेन्शनचं लेखी काही मिळाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असं म्हणून दोन्ही संघ ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले. रसेल, वेस्ट, बेलर, चेंबरलेन, रॉबर्टसन, एरवी एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं मारणारे सगळे एका खोलीत. लॉस एंजेलिस लेकर्सच्या मालकांनी आपल्या खेळाडूंना धमकीवजा निरोप धाडला, तरी कुणी हललं नाही. शेवटी लीगचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि सामना थोडा उशिरा सुरू झाला. माझ्या लेखी हा दिवस त्या अकरा अजिंक्यपदांच्या तोडीचा आहे.

1967 मध्ये चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाने बॉस्टनची साखळी तोडली. पुढच्याच वर्षी 3-1 ने मागे पडूनही रसेलच्या संघाने फिलाडेल्फियाला मागे टाकलं. 1969 मध्ये संघ म्हातारा झाला होता, आपल्या गटात चौथा आला. अंतिम फेरीत समोर वेस्ट, बेलर आणि आता चेंबरलेनही असलेला लेकर्स. सातवा सामना लॉस एंजेलिसला. लेकर्सच्या मालकांनी विजयानंतर सोडायला छताला जाळीत फुगे बांधून ठेवले होते. रसेलने वर पाहिलं आणि ते त्याच्या मनात रुतलं. बॉस्टनच्या डॉन नेल्सनचा शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आदळून उंच उडाला आणि सरळ आत पडला. 108-106. जेरी वेस्टने 42 गुण करूनही हार पाहिली. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू मात्र तोच ठरला, आणि हरलेल्या संघातून हा मान मिळालेला तो आजवरचा एकटाच.

फुगे छतालाच राहिले. रसेल निवृत्त झाला.

1972 मध्ये बॉस्टन गार्डनमध्ये त्याचा 6 नंबर छताला चढवायचा होता. प्रेक्षकांसमोर नको, असं त्याने सांगितलं होतं. म्हणून सामन्याआधी, प्रेक्षकांसाठी दारं उघडण्यापूर्वी, रिकाम्या खुर्च्यांसमोर ते झालं. खाली त्याचे जुने सोबती आणि आवरबॅक उभे होते.