रंगपूरचा खुंट, ब्राझीलची बाग

लिंबूवर्गीय फळांचे बागायतदार आणि संशोधक साधारण दर चार वर्षांनी एकत्र जमतात. आंतरराष्ट्रीय सिट्रस काँग्रेस हे त्या मेळ्याचं नाव. पहिला मेळा १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला भरला. मग स्पेन, जपान, मोरोक्को, चीन असं फिरत नोव्हेंबर २०२४ मध्ये तो दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर पोचला. निबंधवाचन, बागांच्या भेटी, जेवणावळी हे सगळं असतंच. पण एवढी माणसं समुद्र ओलांडून येतात त्यामागे जुनी धास्ती आहे, आणि ती समजायला झाडाच्या बुंध्याशी बसावं लागतं.

बागेतलं संत्र्याचं झाड म्हणजे खरं तर दोन झाडं. खाली खुंट, वर कलम. विदर्भात बहुतेक जंबेरी नावाच्या लिंबाच्या रोपाला वीतभर उंचीवर सालीत छेद देतात आणि त्यात नागपुरी संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटीचा अंकुर, बसवतात. जुन्या झाडाच्या बुंध्यावर हा सांधा हाताला लागतो. वरखाली जाडीही वेगळी असते. मुळं एका जातीची, फळं दुसरीची. मुळांनी जमिनीतले रोग सोसायचे, वरच्याने गोडी द्यायची, अशी ही वाटणी.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा डिंक्याने बसल्या. बुंध्याची साल कुजते, डिंक गळतो, झाड वाळतं. आंबट नारंगीची मुळं या रोगाला दाद देत नाहीत असं दिसलं, आणि भूमध्य समुद्राकाठापासून अमेरिकेपर्यंत बहुतेकांनी तोच खुंट धरला.

मग १९३० च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये धडधाकट झाडं उभ्याउभ्या मरू लागली. या रोगाला ट्रिस्टेझा म्हणतात. तो विषाणूचा असून मावा किडीमार्फत पसरतो हे १९४६ मध्ये ब्राझीलमध्ये दाखवलं गेलं. कॅलिफोर्नियातल्या मरीमागेही विषाणूच आहे हे त्याच वर्षी तिकडे कळलं. घाव नेमका सांध्यावर होता. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या नळ्यांतून मुळांकडे उतरतं. आंबट नारंगीच्या खुंटावर त्या नळ्या सांध्याच्या खालीच मरत, आणि वर पानं हिरवी असताना मुळं उपाशी राहत. डिंक्यावरचा तोडगाच असा अंगाशी आला. एकट्या साओ पाउलो राज्यात लाखो झाडं गेली.

एकच रोग देशोदेशी वेगळ्या नावाने वावरत होता. १९५७ मध्ये विषाणूतज्ज्ञ रिव्हरसाइडलाच जमले, त्यांनी स्वतःची संघटना काढली, आणि टिपणं शेजारी शेजारी ठेवल्यावर हा गुंता सुटत गेला. ब्राझीलला तारलं ते आपल्या उपखंडातल्या रंगपूर लिंबाने. ट्रिस्टेझा सोसणारा, दुष्काळालाही चिवट असा हा खुंट तिथल्या बहुसंख्य बागांखाली गेला. पुढे २००० च्या सुमारास नेमकी रंगपुरावरचीच झाडं अचानक मरायला लागली! बागायतदारांनी शेजारी दुसऱ्या जातीची रोपं लावून ती त्याच बुंध्याला जोडली आणि झाडांना नवे पाय दिले. माझ्या मते दोष रंगपूरचाही नव्हता आणि आंबट नारंगीचाही. सगळा पसारा एकाच खुंटावर मांडला, तिथे चुकलं.

आताच्या संकटातून मात्र खुंट बदलूनही सुटका नाही. सिट्रस सायला नावाची तांदळाच्या दाण्याहून लहान कीड कोवळ्या फुटीवर रस शोषायला बसते आणि ग्रीनिंग नावाच्या रोगाचा जीवाणू आत सोडते. पानं एका बाजूने पिवळसर, दुसऱ्या बाजूने हिरवी दिसतात; फळं लहान, वाकडी आणि कडू होऊन गळतात. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. त्याआधी २००३-०४ मध्ये तिथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२४-२५ मध्ये सव्वा कोटीच्याही आत आल्या. चक्रीवादळांचा वाटा त्यात आहे, पण कंबरडं मोडलं ते ग्रीनिंगने.

रोगट डोळा लावला की रोगही कलमाबरोबर येतो. त्यावरचं सर्वांत नाजूक हत्यार १९७० च्या दशकात रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेत घडलं, आणि स्पेनने त्याच्या जोरावर आपल्या जाती निरोगी करून घेतल्या. फुटीच्या अगदी टोकाच्या वाढत्या पेशींपर्यंत विषाणू सहसा पोचत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली हे टोक कापतात, मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग, आणि परीक्षानळीत वाढवलेल्या रोपाच्या छाटलेल्या शेंड्यावर बसवतात. जगलं, तर तपासणीनंतर ते निरोगी मातृवृक्ष होतं. मग ते कीटकरोधक जाळीगृहात ठेवून त्याचेच डोळे रोपवाटिकांना द्यायचे.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतही हे तंत्र वापरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई सिट्रस काँग्रेस नागपुरातच भरली होती. संस्था जंबेरीबरोबर रंगपूरचा खुंटही सुचवते, कारण जंबेरी डिंक्याला लवकर बळी पडते. तरी रोपवाटिकेत कलम घेताना खुंट कोणता, डोळा कुठल्या झाडाचा, हे फार कमी जण विचारतात. भाव मात्र सगळेच विचारतात.