‘कंट्रोलरची परवानगी’ आली कुठून?

मुलाचं लग्न ठरलं किंवा त्याला कृषी केंद्र टाकायचं असलं, की भाड्यानं दिलेल्या खोल्या आठवतात. मग विदर्भात गावातलं कुणी जुनं माणूस सांगतं, “आधी कंट्रोलरची परवानगी काढा.” भाडेकरूकडून जागा सोडवायला लागणारी भाडे नियंत्रकाची ही परवानगी २००० सालीच संपली.

मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारनं १९४६ मध्ये घरं भाड्यानं देण्याचं नियमन करणारा कायदा केला आणि त्याखाली १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश काढला. त्याच्या खंड १३ प्रमाणे भाडेकरूला नुसती नोटीस द्यायलाही भाडे नियंत्रकाची लेखी पूर्वपरवानगी लागे. कारणांच्या यादीत स्वतःच्या वापराची खरी गरज होती, पण एका अटीसह: त्याच शहरात मालक स्वतःच्या दुसऱ्या घरात राहत नसावा. परवानगीवर अपील होई. ते जिंकलं की नोटीस, मग दिवाणी दावा, त्यावर पुन्हा अपील. एका घरासाठी दोनदा लढाई. पोराच्या नावानं सुरू झालेलं प्रकरण नातवाच्या लग्नापर्यंत चाले.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आदेश मात्र तसाच राहिला. मुंबई-पुण्यात १९४७ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि तिन्ही गेले. तेव्हा चालू असलेली प्रकरणं तेवढी जुन्याच कायद्यानं निकाली निघाली.

आता कलम १६ खाली थेट दावा लावता येतो, तालुक्याच्या ठिकाणी बहुधा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. गरज वाजवी आणि खरी असावी लागते. शिवाय त्रास कुणाला जास्त, मालकाला की भाडेकरूला, हेही न्यायालय तोलतं. अर्ध्या जागेनं भागत असेल तर तेवढ्यापुरताच हुकूम होतो. मुलाची गरज ही मालकाचीच गरज ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात मान्य केलं. ताबा मिळाल्यावर महिनाभरात वापर सुरू झाला नाही, किंवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला भाड्यानं दिली, तर जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून ती परत मागू शकतो.

हे सगळं अधिनियमाच्या अनुसूचीतल्या क्षेत्रापुरतं. गावाचं नाव तिथं आहे का, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावं. दावा इथंच वाट चुकू शकतो. अनुसूचीबाहेरच्या खेड्यात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो. तिथं महिन्याच्या भाडेकरूला कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस पुरते आणि गरज सिद्ध करावी लागत नाही. त्यानं मुक्काम सोडला नाही, तर दावा लावावाच लागतो. कुलूप ठोकून ताबा घेतला, तर भाडेकरू सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा करून परत आत येऊ शकतो.

खेड्यातला व्यवहार बहुतेक तोंडी, पावतीशिवाय. त्यामुळे मालकी आणि भाडं दोन्ही दाखवायला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा, टॅक्सच्या पावत्या आणि शेजाऱ्याची साक्ष लागते. नोटिशीनंतर भाडं घेतलं, की समोरचा वकील नोटीस सोडून दिल्याचा मुद्दा काढतो. म्हणून तेव्हाच्या पावतीवर ‘भाडे’ न लिहिता ‘वापराच्या भरपाईपोटी, हक्क राखून’ असं लिहितात.