पुश-पुल शेती

पुश-पुल म्हणजे मका किंवा ज्वारीच्या ओळींमधे असं पीक लावायचं की ज्याचा वास किडीला नकोसा होतो, आणि प्लॉटच्या कडेनं असं गवत लावायचं की कीड स्वतःहून तिकडे जाते. आतून ढकलायचं, बाहेरून ओढायचं, बस. १९९०च्या दशकात पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया तलावाच्या आसपासच्या एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्यांसाठी हे बसवलं गेलं. नैरोबीची इसीपे ही कीटक संशोधन संस्था आणि इंग्लंडचं रोथॅमस्टेड केंद्र यांनी मिळून काम केलं, डॉ. झियाउर खान (मूळचे भारतीय) आणि जॉन पिकेट ही त्यातली मोठी नावं.

तिकडे दुखणी दोन. एक खोडकिडा: अळी पोंग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून, खोडात शिरते, मग वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि तसंही फवारणीला पैसे कुणाकडे असतात. गंमत म्हणजे यातली एक मोठी जात आपल्याच ज्वारी-मक्यावरची, ती १९३०च्या सुमारास आशियातून आफ्रिकेत गेली. दुसरं दुखणं टारफुला, म्हणजे पिकाच्या मुळावर जगणारं तण. तिथल्या लुओ भाषेत त्याला कायोंगो म्हणतात, फुलं जांभळी, दिसायला छान. आपल्याकडे ज्वारीत आणि उसात जो टारफुला दिसतो त्याचाच तो भाऊबंद. हा मुळाला चिकटून पिकाचं अन्नपाणी ओढतो, आणि वर दिसेपर्यंत खाली नुकसान होऊन गेलेलं असतं. बी तर इतकं बारीक आणि इतकं ढीगभर की जमिनीत दहा दहा वर्षं पडून राहतं, म्हणून नुसतं उपटून काही होत नाही.

ओळींमधे लावतात ते डेस्मोडियम, शेंगावर्गीय, जमिनीवर पसरणारं. कडेला नेपियर, म्हणजे आपलं हत्ती गवत, साधारण तीन ओळी. खोडकिड्याची मादी पतंग अंधार पडल्यावर अंडी घालायला जागा शोधते आणि नेमका त्याच वेळी, रात्रीच्या पहिल्या तासाभरात, नेपियरचा वास एकदम वाढतो. ती तिकडे जाते, अंडी घालते, पण बारक्या अळ्या खोड पोखरायला लागल्या की गवतातून चिकट डिंकासारखा द्रव येतो आणि बहुतेक त्यातच अडकून मरतात.

टारफुल्याचं मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. डेस्मोडियम आणलं होतं किडीसाठी, आणि लक्षात आलं की ते जिथे आहे तिथे टारफुला जवळजवळ येतच नाही. पुढे कळलं की त्याच्या मुळातून येणारी द्रव्यं टारफुल्याच्या बियांना उगवायला लावतात पण मक्याच्या मुळाला चिकटू देत नाहीत, म्हणजे बी उगवून उपाशी मरतं. शेंगावर्गीय असल्यानं वर जमिनीला नत्र मिळतं ते वेगळंच. टारफुल्यानं खाल्लेल्या जमिनीत हेक्टरी टनाच्या आसपास निघणारा मका यामुळे तीन टनांपुढे गेल्याच्या नोंदी आहेत.

पण पद्धत पसरली ती काही वासाच्या रसायनशास्त्रावर नाही. नेपियर आणि डेस्मोडियम दोन्ही चारा आहेत, दावणीला गाय किंवा दुभती शेळी असली की बाईमाणूस रोज कापून आणू शकते, दूध वाढलेलं डोळ्यांना दिसतं, खोडातली न आलेली अळी दिसत नाही. माझ्या मते निम्मं यश इथेच आहे. बाकी शेतीशाळा, रेडिओ, आणि स्वतः करून बघितलेल्या शेतकऱ्यांनीच शेजाऱ्यांना शिकवणं, या मार्गानं गावोगाव गेलं.

अडचणी पण याच पातळीवरच्या. डेस्मोडियमचं बी महाग आणि वेळेवर मिळत नाही, म्हणून बरेच जण शेजारून वेल तोडून आणून लावतात. पहिल्या हंगामात रोप इतकं नाजूक असतं की खुरपताना तण समजून तेच उपटलं जातं, त्यामुळे त्या वर्षी निंदणीला हात आणि नजर दोन्ही जास्त लागतात. जमीन खंडानं असेल तर तीन-चार वर्षं टिकणारं पीक कोण लावणार. नेपियरवर खुरटा रोग आला, पाऊस दगा द्यायला लागला, तेव्हा २०१०नंतर कोरड्या भागांसाठी नेपियरच्या जागी ब्रॅकिएरिया गवत आणि ताण सोसणारं डेस्मोडियम असा नवा जोड काढला. २०१६मधे अमेरिकेतली लष्करी अळी आफ्रिकेत पोचली (२०१८ला आपल्याकडच्या मक्यात आली ती हीच), तेव्हा पुश-पुलच्या प्लॉटात तिचाही त्रास कमी दिसला, ती कुणाच्या हिशोबात नसताना.