सामाईक लायब्ररीतला कोड कोणी बदलावा?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव क्विंटलच्या भावाने होतो. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनातून रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करून जे निव्वळ वजन उरते, त्याला भावाने गुणले की शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतली मुख्य रक्कम निघते. आता अशी कल्पना करू की, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एक गट कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशेबपट्टीचा प्रोग्रॅम लिहितो आहे आणि दुसरा गट द्राक्ष निर्यातदारांसाठी पेट्यांच्या लेबलांचा. वजनाचा हिशेब दोघांनाही लागतो, म्हणून तो कोड एकदाच लिहून सामाईक लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संग्रहात, ठेवलेला आहे.

द्राक्षांच्या गटातल्या एकाला लेबलावर जागा कमी पडते. तो लायब्ररीतल्या फंक्शनमध्ये (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात) एका ओळीचा बदल करतो आणि क्विंटलमधले वजन दशांश चिन्हानंतर एकाच अंकापर्यंत पूर्णांकित होऊ लागते. लेबल नीट छापले जाते. मात्र त्याच सुमारास 23.45 क्विंटल कांदा 1,815 रुपये भावाने विकला गेला, तर 42,561.75 रुपयांऐवजी पट्टीवर 42,652.50 रुपये येतात, कारण वजन आता 23.5 क्विंटल धरले जाते. एका पट्टीमागे 90.75 रुपयांचा फरक, तोही कांद्याच्या गटाने स्वतःच्या कोडमधल्या एकाही अक्षराला हात लावलेला नसताना. बदल करणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि त्याच्या कामापुरता तो बरोबरही होता. अडचण एवढीच की, हा कोड आणखी कोण वापरते याची विचारणा करायला लावणारी कोणतीही पायरी त्याच्या वाटेत नव्हती.

लायब्ररी-कोडवरील नियंत्रण म्हटले की अनेक व्यवस्थापकांच्या मनात पहिला विचार येतो तो कोड लपवण्याचा. माझ्या मते सुरुवातच तिथे चुकते. ज्याला फंक्शन वापरायचे आहे त्याला ते आतून काय करते हे वाचता आले नाही, तर तो अंदाजाने काम करतो किंवा तेच फंक्शन स्वतःकडे पुन्हा लिहून काढतो, आणि मग दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते. म्हणून कंपनीच्या आत वाचण्याची मुभा सर्वांना असावी. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या मात्र लायब्ररीत कधीच ठेवू नयेत. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, जुना इतिहास जपला जात असल्याने फाइलमधून पुसलेला पासवर्डही मागच्या नोंदींत सापडतो. तो बदलून टाकणे हाच खात्रीचा उपाय असतो.

बदलण्याचा अधिकार ही वेगळी बाब आहे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 मध्ये संगणक-सुरक्षेची जी तत्त्वे मांडली, त्यांत प्रत्येकाला कामापुरताच किमान अधिकार द्यावा, हे एक तत्त्व होते. सबव्हर्जनसारख्या याच कामाच्या जुन्या प्रणालीत एकेका फोल्डरवर परवानगी ठरवता येत असे. गिटमध्ये मुळात तशी सोय नाही. रिपॉझिटरी (कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा) ज्याच्या हाती आली, त्याच्या हाती ती संपूर्ण येते. त्यामुळे लायब्ररीची रिपॉझिटरी वेगळी ठेवणे आणि तिची मुख्य ब्रँच (कोडची शाखा) संरक्षित करणे, हा रुळलेला मार्ग आहे. बदल कोणीही सुचवू शकतो. तो स्वतंत्र ब्रँचवर लिहून पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल सामावून घेण्याची विनंती, पाठवायची, स्वयंचलित चाचण्या पार पडल्या आणि त्या फाइलींची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने तपासून मंजुरी दिली की मगच तो मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होतो. गिट रिपॉझिटरी ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर कोणत्या फोल्डरची मंजुरी कोणाकडे, हे 'कोडओनर्स' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येते. वरच्या उदाहरणात 23.45 क्विंटलची एक चाचणी जरी लिहिलेली असती, तरी तो बदल तिथेच अडला असता.

तिसरा अधिकार वापरण्याचा, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. डेव्हिड पार्नास यांनी 1972 च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात असे मांडले की, पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र भागाच्या) आत झाकलेला असावा. इथे झाकणे म्हणजे वाचू न देणे नव्हे, तर इतर कोडला त्यावर विसंबू न देणे. लायब्ररीतली जी फंक्शने बाहेरून वापरता येतात ती पुढे बदलणे अवघड होऊन बसते, कारण कोणीतरी कुठेतरी त्यांच्यावर अवलंबून असते. प्रोग्रॅमिंगच्या भाषाच येथे मदत करतात. जावामध्ये 'प्रायव्हेट' आणि 'पब्लिक' हे भेद पहिल्यापासून आहेत आणि 2017 च्या नवव्या आवृत्तीत मॉड्यूलची व्यवस्थाही आली. गो भाषेत 'इंटर्नल' नावाच्या फोल्डरमधले पॅकेज (कोडचा संच) त्याच्या वरच्या फोल्डरबाहेरून वापरू पाहिले, तर प्रोग्रॅम तयारच (बिल्ड) होत नाही. वजनाच्या लायब्ररीतून निव्वळ वजन देणारे आणि छपाईसाठी वजन लिहून देणारे, अशी दोन स्वतंत्र फंक्शने बाहेर खुली ठेवली असती, तर लेबलासाठी हिशेबाच्या फंक्शनला हात लावण्याची वेळच आली नसती.

हे सगळे करूनही आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार उरतोच. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे दिसले आणि त्याच्या मुळाशी जाताना 'एक्सझेड' या फाइल आकसणाऱ्या लायब्ररीत पेरलेले चोरदार (गुपचूप प्रवेशाची वाट) सापडले. ते पेरणाऱ्याने 'जिया टॅन' या नावाने दोनएक वर्षे उपयुक्त काम करून, एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या मूळ कर्त्याचा विश्वास आणि आवृत्ती काढण्याचा अधिकार मिळवला होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ते चोरदार सुरू करणारा महत्त्वाचा दुवा गिट रिपॉझिटरीत नव्हताच. तो फक्त आवृत्ती म्हणून प्रसिद्ध केलेल्या संकुचित फाइलीत होता. रिपॉझिटरीतला कोड कितीही बारकाईने वाचला असता, तरी तो दुवा दिसला नसता.

म्हणूनच आवृत्ती कोणाच्या लॅपटॉपवर न बनता, मंजूर झालेल्या कोडपासून सर्व्हरवर आपोआप बनावी आणि प्रत्येक प्रकल्पाने कोणती आवृत्ती वापरायची ते क्रमांकासह नोंदवावे. कांद्याच्या गटाने तसा क्रमांक नोंदवला असेल, तर लायब्ररीची नवी आवृत्ती आली तरी ते स्वतः तपासून ती घेईपर्यंत त्यांच्या पट्ट्या जुन्या आवृत्तीवरच निघतील. पाच-सहा जणांच्या कंपनीतही हे जमण्यासारखे आहे. मंजुरीचा अधिकार किमान दोघांकडे हवा, म्हणजे एक जण रजेवर असला तरी काम अडत नाही आणि स्वतःचाच बदल स्वतः मंजूर करण्याची वेळ येत नाही. नोकरी सोडणाऱ्याचा ईमेल बंद होतो, त्याच दिवशी त्याचे रिपॉझिटरीवरचे आणि आवृत्ती काढण्याचे अधिकारही काढून घ्यावेत.